काही त्रास नाही, तरी कोलोनोस्कोपी करावी का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: वय ५२, मनीषनगरला राहतात, पोटाचा काही त्रास नाही, आईवडील-भावंडांत कोणाला आतड्याचा कॅन्सर नाही. साळा न्यू जर्सीला असतो, त्याची ४५ पूर्ण झाल्याबरोबर कोलोनोस्कोपी (संडासच्या जागेतून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं) झाली, दोन पॉलिप (आतड्यातले छोटे फुगवटे) निघाले, आता तो फोनवर मागे लागून राहिला की भाऊजी तुम्ही पण करून घ्या. दुसरीकडे ऑफिसमधल्या कोणीतरी यांना २०२२ ची बातमी पाठवली की कोलोनोस्कोपी केल्यानं मरण काही टळत नाही. तर आता करू का नको, असं विचारलंय.

मी पोटविकाराचा डॉक्टर, नागपुरातच बरीच वर्षं स्कोपी करतो, आणि हा प्रश्न आता ओपीडीतही सारखा येऊन राहिला म्हणून नीट लिहितो. तुमचा साळा चुकीचं सांगत नाहीये आणि बातमीतले आकडेही खोटे नाहीत, पण दोघंही तुमच्याबद्दल बोलत नाहीयेत. एक अमेरिकेतल्या माणसाच्या धोक्याबद्दल बोलतोय आणि दुसरी युरोपातल्या पत्राबद्दल. पत्र का म्हटलं ते सांगतो.

ती बातमी ज्या अभ्यासावरची होती त्याचं नाव नॉर्डआयसीसी. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधले ५५ ते ६४ वयाचे सुमारे ८४,५०० लोक सरकारी नोंदीतून घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एक तृतीयांश लोकांना पत्र पाठवलं की या, एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या, बाकीच्यांना काहीच कळवलं नाही. दहा वर्षांनी मोजलं. पत्र गेलेल्यांत ०.९८ टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला, पत्र न गेलेल्यांत १.२० टक्के. म्हणजे कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी. कॅन्सरनं मेलेले ०.२८ टक्के आणि ०.३१ टक्के, हा फरक इतका छोटा की योगायोगानंही येऊ शकतो. बातमीवाल्यांनी ही शेवटची ओळ उचलली आणि मथळा केला.

आता यातली मेख बघा. पत्र मिळालेल्यांपैकी स्कोपी प्रत्यक्षात केली फक्त ४२ टक्क्यांनी. नॉर्वेत साधारण ६१ टक्के आले, पोलंडमध्ये जेमतेम ३३. पण हिशोब सगळ्यांचा केला, न आलेल्यांचा सुद्धा. लग्नाच्या पत्रिका जेवढ्यांना वाटल्या तेवढ्यांना जेवण कसं वाटलं असं विचारण्यासारखं आहे ते, निम्म्याहून जास्त लोक मंडपात आलेच नव्हते. हा हिशोब चूक नाही बरं का, सरकारनं कार्यक्रम सुरू करायचा का हे ठरवायला तोच बरोबर आहे, कारण सरकारच्या हातात पत्र पाठवणंच असतं. पण ‘मी स्वतः जाऊन केली तर मला काय मिळेल’ हा तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्याच अभ्यासात त्यांनी अंदाज काढला की पत्र मिळालेल्या सगळ्यांनी स्कोपी केली असती तर काय झालं असतं, तर कॅन्सर १.२२ वरून ०.८४ टक्क्यांवर आला असता आणि मृत्यू ०.३० वरून ०.१५ वर, म्हणजे निम्मे. या दुसऱ्या आकड्यावर मात्र मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, कारण जो माणूस पत्र आल्यावर उठून जातो तो एरवीही तब्येतीला जपणारा असतो, सिगरेट कमी ओढतो, फिरायला जातो. ते फरक गणितानं पूर्ण धुवून निघत नाहीत. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी असावं असं माझं मत आहे.

दहा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली असं तुम्हाला वाटेल, पण या आजारासाठी ती कमीच आहेत. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी पॉलिप म्हणून सुरू होतो, छोटासा मांसल फुगवटा, ज्याला आम्ही अॅडिनोमा म्हणतो. त्यातले बहुतेक जन्मभर तसेच राहतात, काही थोडे वाढतात, आणि त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. स्कोपीत आम्ही तो पॉलिप तिथल्या तिथं काढून टाकतो, म्हणून ही तपासणी नुसती शोधणारी नाही, टाळणारी आहे. पण आज काढलेल्या पॉलिपचा फायदा आज दिसत नाही, तो जेव्हा कॅन्सर झाला असता तेव्हा दिसणार. उलट पहिली काही वर्षं स्कोपी केलेल्या गटात कॅन्सर जास्तच दिसतात, कारण आत लपून असलेले आधीच सापडतात (या अभ्यासात स्कोपी केलेल्यांपैकी ६२ जणांना त्याच दिवशी कॅन्सर निघाला आणि ३० टक्क्यांच्या वर लोकांचे अॅडिनोमा काढले). आलेखावर दोन्ही गटांच्या कॅन्सरच्या रेषा नंतर एकमेकींना ओलांडतात आणि मग हळूहळू दूर जातात. मृत्यूचा फरक तर त्याच्याही मागून येतो, कारण कॅन्सर झालेला माणूस लगेच मरत नाही, आणि आता ऑपरेशनं, केमो, सगळंच सुधारल्यामुळं स्कोपी न केलेल्या गटातही मृत्यू आधी धरले होते त्यापेक्षा कमी झाले.

लांब पल्ल्याचं बघायचं तर ब्रिटनमधला अभ्यास मला जास्त भक्कम वाटतो. तिथं पूर्ण कोलोनोस्कोपी नाही, फक्त डाव्या बाजूचं शेवटचं आतडं बघणारी छोटी स्कोपी, सिग्मॉइडोस्कोपी, तीही आयुष्यात एकदाच, ५५ ते ६४ वयात. सुमारे १ लाख ७० हजार लोक. सतरा वर्षांनंतरचा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: बोलावलेल्या गटात कॅन्सर २६ टक्क्यांनी कमी आणि त्यानं होणारे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी, ज्यांनी खरोखर करून घेतली त्यांच्यात ३५ आणि ४१ टक्के. एकदा केलेल्या पाच-दहा मिनिटांच्या तपासणीचा परिणाम सतरा वर्षं टिकला, ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेत मिनेसोटाला दरवर्षी शौचातलं लपलेलं रक्त तपासणाऱ्यांचा तीस वर्षं पाठपुरावा झाला, तिथं या कॅन्सरचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. पण त्याच अभ्यासात, सगळी कारणं धरून किती माणसं गेली हे बघितलं तर दोन्ही गट सारखे होते. हेही पेशंटला सांगायला पाहिजे असं मला वाटतं, नाहीतर लोक समजतात की स्कोपी केली म्हणजे आयुष्य वाढलं. एका कॅन्सरनं जायची शक्यता कमी होते, तेवढंच सांगता येतं.

उजव्या बाजूबद्दल एक सांगतो. डाव्या बाजूच्या आतड्यात फायदा चांगला मिळतो, उजवीकडे कमी. कॅनडातल्या ओंटारिओच्या २००९ च्या अभ्यासात तर उजवीकडच्या कॅन्सरच्या मृत्यूंवर जवळजवळ परिणामच दिसला नव्हता. कारण उजवीकडचे पॉलिप बरेचदा चपटे असतात, आतड्याच्या रंगात मिसळून जातात, आणि पोट नीट साफ नसेल तर सगळ्यात जास्त घाण तिकडेच साचलेली असते. म्हणजे फायदा किती होणार हे बरंचसं तपासणी कशी झाली यावर आहे, त्यावर खाली येतो.

आता नागपूर. वरचे सगळे देश असे आहेत जिथं हा कॅन्सर फार आहे, नॉर्वेत लाखामागे वर्षाला चाळीसच्या वर केसेस. आपल्याकडे वयाचा फरक काढून टाकून बघितलं तरी लाखामागे दहाच्या आत. म्हणून हे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. नॉर्डआयसीसीत एक कॅन्सर टाळायला दहा वर्षांच्या हिशोबानं ४५५ लोकांना पत्र पाठवावं लागलं. समजा आपला धोका त्यांच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे, तर तेच काम करायला सव्वादोन हजारांच्या वर लोक लागतील. हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा कळते. आणि तपासणीचा धोका काही पाचव्या हिश्शावर येत नाही, तो नॉर्वेत जेवढा तेवढाच धंतोलीत: दहा हजार स्कोपींमागे साधारण तीन जणांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि चौदा-पंधरा जणांना मोठा रक्तस्राव होतो. संख्या लहान आहेत, पण ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसाला आपण टेबलावर घेतोय हे विसरायचं नाही. म्हणूनच आपल्या सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. मला ते बरोबर वाटतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या आपल्या या भागात कोणी मला विचारलं की तपासणी एकच करायची आहे तर कोणती, तर मी तोंड उघडून दाखवा म्हणेन. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला त्यावर मोठा अभ्यास झाला, तंबाखू-दारू घेणाऱ्यांत नुसतं तोंड तपासल्यानं तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं आहे ते.

पण इथं मला सगळ्यात जास्त कळकळीनं जे सांगायचंय ते वेगळंच आहे. वर जे सगळं बोललो ते स्क्रीनिंगबद्दल, म्हणजे काहीही त्रास नसलेल्या माणसाबद्दल. लक्षण दिसलं की ते स्क्रीनिंग राहत नाही, मग ते टक्के, ते ४५५, सगळं बाजूला ठेवायचं आणि तपासणी करायची. आपल्याकडे नेमकं उलटं होऊन राहिलं. त्रास नसलेला माणूस हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये स्कोपी करतो, आणि भंडारा-गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडून येणारा माणूस आठ आठ महिने संडासवाटे रक्त जात असताना मूळव्याध आहे म्हणून मलम लावत बसतो, कोणीतरी दोन-तीन इंजेक्शनं मारलेली असतात, कुठं ‘एका दिवसात मूळव्याध बरा’ अशी पाटी बघून पैसे भरलेले असतात, आणि तोवर कोणी एकदा बोट घालून तपासलेलंही नसतं. बोटानं तपासायला एक मिनिट लागतं, एक हातमोजा लागतो. आपल्याकडे रेक्टमचा, म्हणजे अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानानं जास्त प्रमाणात दिसतो, आणि त्यातल्या पुष्कळ गाठी बोटाला लागतात. चाळिशीच्या आतले पेशंटही आपल्याकडे कमी नाहीत. त्याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे खरं, पण समोर बसलेल्या पस्तीस वर्षांच्या मुलाला त्या कारणाचा काही उपयोग नाही. तेव्हा ‘वय लहान आहे, मूळव्याधच असेल’ असं न बघता म्हणणाऱ्या डॉक्टरला, मग तो कितीही मोठा असो, तुम्ही स्वतः म्हणा की साहेब एकदा तपासून घ्या.

कोणती लक्षणं ते सांगतो. संडासमध्ये रक्त, विशेषतः शौचात मिसळलेलं किंवा आव घेऊन येणारं. संडासची सवय बदलणं आणि ती तीन-चार आठवडे तशीच राहणं, म्हणजे रोज साफ होणाऱ्याला अचानक बद्धकोष्ठ किंवा दिवसातून पाच वेळा जाऊन पण झाल्यासारखं न वाटणं. विनाकारण वजन उतरणं. आणि एक जे सगळ्यात जास्त सुटतं ते म्हणजे रक्त कमी होणं. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ आलं, लोह कमी आलं, तर ते कुठून तरी गळतंय असं धरून चालायचं, आणि उजव्या बाजूच्या आतड्याचा कॅन्सर अगदी असाच गुपचूप गळतो, डोळ्यांना रक्त दिसतच नाही. आपल्या विदर्भात यात अजून एक भर पडते. इथं सिकलसेल पुष्कळ आहे, मग रिपोर्टमध्ये एएस पॅटर्न दिसला की ‘अच्छा, सिकलसेलमुळं रक्त कमी’ म्हणून विषय संपवून टाकतात. एएस म्हणजे नुसता वाहक, त्याचं हिमोग्लोबिन त्यामुळं आठवर येत नाही. लोहाच्या गोळ्या जरूर द्या पण गळती कुठं आहे ते आधी शोधा. बाईची पाळी थांबून वर्षं झाली असतील तर तिलाही हाच नियम.

घराण्याचं पण बघावं लागतं. आई, वडील, सख्खा भाऊ-बहीण किंवा मुलगा-मुलगी यांच्यापैकी कोणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, आणि मग दर पाच वर्षांनी. इथं नागपूर-नॉर्वे काही फरक नाही. घरात दोन-तीन पिढ्यांत आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर असतील तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकीय दोषाचा, विचार करावा लागतो, तिथं तपासणी विशी-पंचविशीतच सुरू होते. आणि भाऊ, तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसली. तुमचा साळा तुमच्या रक्ताचा नाही, त्याच्या पॉलिपमुळं तुमचा धोका तिळभरही वाढत नाही. पण तो तुमच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे. त्याला फोन करून पॉलिपचा बायोप्सी रिपोर्ट मागवा. छोटे साधे अॅडिनोमा असतील तर काही नाही, पण एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, किंवा रिपोर्टमध्ये व्हिलस किंवा हाय ग्रेड डिसप्लेसिया (म्हणजे जास्त धोक्याचा पॉलिप) असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या घरात कोलोनोस्कोपी वहिनींची व्हायला पाहिजे, तुमची नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मी आधी फिट टेस्ट सुचवीन. शौचाचा थोडासा नमुना, त्यात माणसाच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजतात, खाण्यापिण्याचं बंधन नाही. लॅबमध्ये ‘ऑकल्ट ब्लड’ एवढंच म्हणू नका, जुन्या पद्धतीची टेस्ट मटण खाल्लं तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून इम्युनोकेमिकल पद्धतीची फिट पाहिजे असं स्पष्ट सांगा. एका वेळी ती साधारण चारपैकी तीन कॅन्सर पकडते, पॉलिप फार कमी, म्हणून ती वर्षा-दोन वर्षांनी परत करायची असते, एकदा करून विसरायची नाही. तैवाननं २००४ पासून पन्नाशीपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी हीच टेस्ट दिली, आणि पुढे पसरलेल्या अवस्थेतले कॅन्सर ३४ टक्क्यांनी आणि मृत्यू ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये छापून आलं. स्पेनमध्ये तर २०२५ मध्ये थेट सामना झाला, एका गटाला एकदा कोलोनोस्कोपीचं आमंत्रण, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिट, दहा वर्षांनी मृत्यू ०.२२ आणि ०.२४ टक्के, म्हणजे बरोबरीत, कारण फिट करायला लोक जास्त आले. एक अट मात्र आहे, फिट पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायचीच. तेव्हा ‘मला पायल्स आहेत त्यामुळं आली असेल’ म्हणून कागद फाईलला लावून ठेवणार असाल तर ती टेस्टही करू नका.

एवढं वाचूनही तुम्हाला सरळ कोलोनोस्कोपीच करायची असेल, तर मी अडवणार नाही, ५२ व्या वर्षी ते अवाजवी नाही, फक्त चांगली करून घ्या. डॉक्टरांना विचारायला लाजू नका की दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, सीकमपर्यंत जाते ना, आणि रिपोर्टमध्ये त्याचा फोटो येतो ना. आत जाताना नाही, बाहेर काढताना खरं बघणं असतं, त्याला निदान सहा मिनिटं, आताच्या सूचनांप्रमाणं आठ, दिलीच पाहिजेत. अमेरिकेत २०१४ मध्ये तीन लाखांच्या वर स्कोपी तपासून दाखवून दिलं की ज्या डॉक्टरला अॅडिनोमा जास्त सापडतात त्याच्या पेशंटना पुढं कॅन्सर कमी होतो, दर एक टक्का वाढीमागं तीन टक्के कमी. म्हणजे कोण करतो आणि किती वेळ देऊन करतो यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत.

आणि अर्धं काम तुमच्या हातात. तीन दिवस आधीपासून जवसाची चटणी, तीळ, पालेभाज्या, संत्र्याच्या फोडी बंद, जवस तर दुर्बिणीच्या नळीत जाऊन अडकतं आणि सगळं धुणं थांबतं. आदल्या दिवशी फक्त पातळ, पण लाल सरबत नाही, आत गेल्यावर ते रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायचं औषध अर्धं रात्री आणि अर्धं सकाळी तपासणीच्या चार ते सहा तास आधी, सगळं रात्री पिऊन झोपलात तर उजवी बाजू परत घाण होते. मे महिन्यात करणार असाल तर ओआरएस, लिंबूपाणी भरपूर, पंचेचाळीस डिग्रीत पंधरा वेळा संडासला जाऊन म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतात. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आधी विचारून घ्या, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

स्वच्छ निघाली तर पुढची दहा वर्षांनी. एक-दोन छोटे अॅडिनोमा निघाले तरी सात ते दहा वर्षांनी, तीन-चार निघाले तर तीन ते पाच, मोठा किंवा पाच ते दहा निघाले तर तीन वर्षांनी. दरवर्षी करा असं कोणी म्हणत असेल तर कशासाठी ते विचारा. पंचाहत्तरीनंतर त्रास नसताना शक्यतो नकोच. आणि बायोप्सीचा कागद व फोटो जपून ठेवा, तुमच्या मुलांची तपासणी कधी सुरू करायची हे त्या कागदावरच ठरणार आहे.